पांढऱ्या साडीची जाहिरात

१४ फेब्रुवारी २०२५ रोजी दुपारी द्रौपदी काशीराम इंगोले यांच्या विक्रेता-खात्यात सहा हजार रुपये शून्य पैसे दिसू लागले. बँकेत काहीच आले नव्हते. ज्या ऑनलाइन बाजारात त्या साड्या विकायच्या, त्या कंपनीने नव्या विक्रेत्यांना जाहिरातीसाठी दिलेले हे क्रेडिट होते. ते त्याच कंपनीच्या ॲपवर खर्च करायचे, आणि ३१ मार्चच्या आत. उरले तर गेले.

मुलगी तेजल मालाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बिलाच्या खिडकीवर बसते. आईचे ऑनलाइनचे सगळे तीच पाहायची. तिने फोन केला तेव्हा द्रौपदीबाई गोदामात मालिकेतल्या एका राजाच्या अंगरख्याचे बटण लावत होत्या.

"आई, सहा हजार आलेत."

"कुणाचे?"

"कंपनीचे. जाहिरातीला. फुकट."

"फुकट कोण देतं गं? नीट वाच."

"वाचलं. संपले की जाहिरात बंद. रिचार्जसारखं."

तसे कुठेही लिहिलेले नव्हते. पण रिचार्ज संपला की फोन बंद होतो, हे दोघींनाही ठाऊक होते, आणि हेही तसेच असणार असे दोघी धरून चालल्या.

द्रौपदीबाई मूळच्या हिंगोलीकडच्या. लग्न करून दिंडोशीच्या वसाहतीत आल्या त्याला पस्तीस वर्षे झाली. नवरा काशीराम बस आगारात मेकॅनिक होता. सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घर द्रौपदीबाईंच्या शिवणावर आणि पुढे तेजलच्या पगारावर चालत आले. गोरेगावच्या चित्रनगरीला कपडे पुरवणारे परेशभाईंचे गोदाम आहे, तिथे त्या सतरा वर्षे आल्टर, फॉल-पिको, उसवलेले शिवणे, सैल करणे, घट्ट करणे अशी कामे करत. रोजचे सहाशे. गोदामात खिडकी नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता आणि डॉक्टरांनी हे काम कमी करा असे दोनदा सांगितले होते.

साड्यांचे काम मात्र त्यांचे स्वतःचे होते. बौद्ध लग्नात नवरी-नवरा पांढऱ्यात उभे राहतात. वसाहतीतल्या पोरींना बाजारात पांढरी साडी मिळायची ती एक तर नर्सच्या गणवेशासारखी, नाहीतर लाल काठाची. द्रौपदीबाईंनी इचलकरंजीहून कोऱ्या पांढऱ्या साड्या आणून त्यांना निळा काठ लावला आणि पदरावर सोनेरी दोऱ्याने पिंपळाचे पान काढले. पहिली साडी पुतणीसाठी केली. मांडवातच तिघींनी चौकशी केली. मग प्रत्येक घडीत त्या एक छापील कार्ड घालू लागल्या. निळ्या शाईत तीन ओळी होत्या: 'नवदाम्पत्यास मंगल कामना. आपला संसार सुखाचा होवो. जयभीम.' खाली त्यांचा मोबाइल नंबर. कार्डाशिवाय साडी त्यांच्या हातून कधी गेली नाही.

त्या वर्षी शेजारच्या इमारतीतल्या मंजुळा खिल्लारे यांनी मुलीच्या लग्नाची सगळी ऑर्डर द्रौपदीबाईंना दिली. माधुरीचे लग्न २० एप्रिलला होते. नवरीची एक साडी आणि घरच्या बायकांसाठी एकसारख्या चोवीस. एकूण २९,९०० रुपये. त्यातले आठ हजार आगाऊ. द्रौपदीबाईंनी सगळी शिल्लक मोडून साठ साड्या आणल्या. चारशे माणसांच्या लग्नात पंचवीस बायका आपल्या हातच्या साड्या नेसून वावरणार, त्यानंतर कामाला तोटा राहणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. परेशभाईंना त्यांनी सांगूनही टाकले, "मेपासून मी येणार नाही. माधुरीचं लग्न पार पडलं की सुटले मी."

"बघू," परेशभाई म्हणाले. "मेमध्ये तीन सिरियल्स सुरू होतायत. तुम्ही येणार."

जाहिरात सुरू झाली, पण क्रेडिट खर्चच होईना. तेजलने 'बौद्ध लग्न साडी' असे शब्द टाकले होते, म्हणजे कुणी ते शोधले तर आपली साडी वर दिसावी. शोधणारेच थोडे. ११ मार्चपर्यंत सहा हजारांतले ३८८ रुपये खर्च झाले आणि दोन साड्या गेल्या. त्याच दिवशी कंपनीच्या चंद्रप्रकाश नावाच्या माणसाचा फोन आला. मराठी तो बोलायचा, पण अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरायचा.

"मॅडम, तुमचा क्रेडिट लॅप्स होणार. बहुत बुरा लगता है देखके."

"तुम्हाला कशाला वाईट वाटतं? पैसे तुमचेच राहतायत ना?"

तो हसला. "तसं नाही मॅडम. तुमचा कीवर्ड खूप छोटा आहे. सिस्टिमने सजेशन दिलेत, चौसष्ट. सब अॅक्सेप्ट करो, मग बघा."

"कसले शब्द आहेत?"

"पांढऱ्या साडीचेच मॅडम. दुसरं काय असणार?"

सतरा वर्षे गोदामात काढलेल्या बाईला चिंधीही टाकवत नाही. सहा हजारांतले साडेपाच हजार डोळ्यांदेखत वाया जाणार, हे द्रौपदीबाईंना सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी तेजलला लगेच फोन लावला. तिच्या खिडकीसमोर रांग होती.

"आई, यादी इंग्लिशमध्ये आहे, लांबलचक आहे. घरी आल्यावर वाचते."

"वाचायचं काय त्यात? पांढऱ्या साडीचेच आहेत म्हणतो तो. दाब."

"सगळे?"

"सगळेच दाब. फुकटचं आहे ना?"

तेजलने दाबले. यादी दोघींपैकी कुणीही वाचली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी सुरू झाल्या. पहिल्या दिवशी दोन, मग तीन, मग चार. दहा-बारा दिवसांत सत्तावीस साड्या गेल्या. सुरत, इंदूर, कानपूर, मुलुंड, नाशिक. द्रौपदीबाई गोदामातून आल्या की पलंगावर साड्या मांडत, घडी घालत, कार्ड ठेवत आणि पाकिटावरचे नाव मोठ्याने वाचत.

"त्रिवेदी," त्या एका संध्याकाळी म्हणाल्या. "तेजू, त्रिवेदींच्या घरात आपल्या पद्धतीचं लग्न होतंय बघ."

"आंतरजातीय असेल."

"असेल ना. आणि हे मिश्रा. हे अगरवाल." त्यांनी कार्ड घडीत सरकवले आणि वरून हात फिरवला. "बाबासाहेबांनी सांगितलं तेव्हा लोक हसले असतील. आता बघ, कानपुरात पोरी पांढरी नेसून उभ्या राहतायत."

तेजलला यात काही खटकले नाही असे नाही. एवढे त्रिवेदी आणि अगरवाल एकाच महिन्यात कसे, असे तिच्या मनात आले होते. पण आई इतक्या वर्षांत अशी खुलून बोललेली तिने पाहिली नव्हती. तिने पुढचे पाकीट आईकडे सरकवले.

२४ मार्चला दुपारी द्रौपदीबाईंचा फोन वाजला. आवाज वयस्कर बाईचा होता, शांत.

"मी उत्तरा बोलतेय, मुलुंडहून. तुमच्याकडून साडी आलीय. आतल्या कार्डावर हा नंबर आहे."

"हो ताई, बोला ना. आवडली का?"

"एक विचारायचं होतं. हे कार्ड तुम्ही मुद्दाम घातलंत का?"

"सगळ्यांनाच घालते ताई."

मग त्या म्हणाल्या, "माझा मुलगा गेला हो. बारा दिवस झाले आज. सुनेनं तेराव्यासाठी साडी मागवली होती. आम्ही नको म्हणत होतो, हल्ली कोण पांढरं नेसतं, पण तिनं ऐकलं नाही. पाकीट तिनंच उघडलं. कार्डही तिनंच वाचलं."

द्रौपदीबाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. 'आपला संसार सुखाचा होवो.' ही ओळ त्यांनीच छापखान्यात उभे राहून सांगितली होती.

"ताई, मला... आमच्यात लग्नाला..."

"असू दे. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत ना, तेवढंच विचारायचं होतं," असे म्हणून उत्तराबाईंनी फोन ठेवला.

संध्याकाळी तेजलने ती यादी पहिल्यांदा उघडली आणि एकेक शब्द वाचून मराठीत सांगितला. विधवेची साडी. तेराव्याची साडी. शोकसभेसाठी पांढरा पोशाख. अंत्यविधीचे कपडे. चौसष्टातले एक्केचाळीस शब्द असे होते. कंपनीच्या यंत्रणेने तेवढ्यावर न थांबता साडीच्या पानावर 'प्रसंग' या रकान्यात 'शोक' असे आपणहून भरले होते आणि त्याच नावाच्या पट्टीखाली साडीचा फोटो झळकत होता. पिंपळपानासकट.

"बंद कर," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"करतेय. आई, अजून एक आहे."

"काय?"

"क्रेडिट एकोणीस तारखेलाच संपलंय. जाहिरात बंद नाही झाली. तेव्हापासून आपले पैसे कापले जातायत."

द्रौपदीबाईंनी किती ते विचारले नाही. त्या पलंगावर बसल्या आणि पुढची पाठवायची पाकिटे फाडून एकेक कार्ड बाहेर काढू लागल्या.

दोन दिवसांनी गोदामाचा खाडा करून त्या गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बसने मुलुंडला गेल्या. पत्ता पाकिटाच्या नोंदीत होताच. दार सुनेने उघडले. निशा तिचे नाव. तिशीची असेल. हॉलमध्ये सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या आणि टेबलावर हार घातलेला फोटो होता.

"मी ती साडीवाली," द्रौपदीबाई म्हणाल्या. "माफी मागायला आले."

उत्तराबाई आतून आल्या. "अहो, एवढ्या लांब कशाला आलात? साडी परत टाकलीय ॲपवर. उद्या माणूस येईल न्यायला."

निशाने पाणी आणून दिले आणि समोरच बसली. बराच वेळ ती द्रौपदीबाईंच्या हातांकडे पाहत होती.

"तुमच्यात लग्नाला पांढरी नेसतात?"

"हो."

"आणि नवरा गेल्यावर?"

"तेव्हाही पांढरीच. मी तीच नेसले होते, लग्नातली."

"तुमचे मिस्टर..."

"सहा वर्षं झाली."

"पण बांगड्या आहेत तुमच्या हातात."

"मी काढल्या नाहीत. वसाहतीतली एक बाई बोलली होती, पण नाही काढल्या."

निशाने आत जाऊन साडी आणली. पदराचे पान वर आले होते. ती द्रौपदीबाईंच्या मांडीवर ठेवत म्हणाली, "मावशी, चांगली आहे ही. पण घरात ठेवायची नाही मला. ते कार्ड आठवत राहतं."

"उद्याच्या माणसालाच दे बाळा," द्रौपदीबाई म्हणाल्या. "नाहीतर तुझे पैसे अडकतील." आणि त्या उठल्या.

आठवड्याभरात सत्तावीसांतल्या एकोणीस साड्या परत आल्या. त्यांच्यामागून शेरे आले. 'आमच्या घरात मयत आणि ही बाई लग्नाच्या शुभेच्छा पाठवते.' 'लाज वाटली पाहिजे.' 'आजी गेली आमची, कार्ड वाचून आई पुन्हा रडली.' दुकानाचे तारे साडेचारांवरून दोनाच्या खाली आले.

हिशेब असा झाला. आठ साड्यांची विक्री ९,४४० रुपये. त्यातून कंपनीचे कमिशन १,१३२.८०, परतीचे वाहतूक भाडे १,८०५, क्रेडिट संपल्यानंतरच्या जाहिरातीचे ७,९४०, त्यावरचा जीएसटी १,४२९.२०, आणि फुकटच्या सहा हजारांवरचा जीएसटी १,०८०. कारण क्रेडिटमधून कर भरता येत नाही असे कंपनीच्या अटींच्या अकराव्या कलमात लिहिले होते. बाकी उणे ३,९४७ रुपये. ही रक्कम कंपनीने द्रौपदीबाईंच्या बँक खात्यातून परस्पर काढून घेतली.

तेजलने तक्रार केली. आठ दिवसांनी चंद्रप्रकाशचा फोन आला.

"मॅडम, अॅक्सेप्ट तर तुम्हीच केलं ना? लॉग आहे आमच्याकडे."

"तुम्ही म्हणालात पांढऱ्या साडीचेच शब्द आहेत."

"पांढऱ्या साडीचेच होते मॅडम," तो म्हणाला, आणि यात त्याचे खोटे काही नव्हते. "पण तुमचा केस मी वर टाकला. गुडविल म्हणून कंपनी तुम्हाला दीड हजार देतेय."

"खात्यात?"

"जाहिरात क्रेडिट. तीस दिवस व्हॅलिड."

तेजलने फोन कट केला. पुढे ते दीड हजार मुदत संपून आपोआप गेले. कुणी हात लावला नाही.

हे सगळे सोसले असते, कारण माधुरीचे लग्न अजून व्हायचे होते. त्या साड्या द्रौपदीबाईंनी रात्रंदिवस बसून पुऱ्या केल्या होत्या. नवरीच्या पदरावर तर पानाभोवती वेलसुद्धा काढली होती. २८ मार्चला मंजुळाबाई आल्या. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"आत ये ना गं," द्रौपदीबाई म्हणाल्या. "बघ, तुझ्या झाल्या सगळ्या."

"द्रौपदे, रागावू नकोस."

"काय झालं?"

मंजुळाबाईंनी मोबाइल पुढे केला. माधुरीच्या होणाऱ्या नणंदेने ॲपवरचा फोटो पाठवला होता: शोकाची पट्टी, खाली पिंपळपानाची साडी, त्याखाली तो 'मयत' असा शेरा. आणि वर तिने लिहिले होते, 'वहिनीची साडी आता शोकसभेलाही मिळते. लग्नात रडायची सोय झाली.' पुढे हसणारी चार तोंडे.

"मस्करी करतेय ती," द्रौपदीबाई म्हणाल्या.

"मस्करीच. पण तिच्या सगळ्या ग्रुपवर फिरलंय ते. सासूनं फोन केला मला, साडी बदला म्हणून."

"त्यांच्या घरी बुद्धवंदना होते ना? बौद्धच ना ते?"

"होते. आणि बावीस प्रतिज्ञा मीही म्हणते गं. अपशकुन मी मानत नाही."

"मग?"

"लग्न माझं नाहीये ना! पोरीला त्या घरात राहायचंय." मंजुळाबाईंचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "उद्या काही कमी-जास्त झालं, तर तोंडानं कोणी बोलणार नाही. पण आठवतील सगळे. तुला काय सांगायचं? काशीराम गेला तेव्हा तू बांगड्या ठेवल्यास, तर आपल्याच बायका काय काय बोलल्या."

"तूही होतीस त्यात?"

मंजुळाबाईंनी मोबाइल कमरेला खोचला. मग म्हणाल्या, "दादरहून घेतोय आम्ही. आगाऊ दिलेले जमेल तसे दे. घाई नाही. आणि लग्नाला यायचंच."

त्या गेल्यावर द्रौपदीबाईंनी नवरीची साडी पुन्हा घडी घातली. तेजल म्हणाली, "आई, मी तेव्हा वाचायला हवं होतं."

"मीच दाब म्हणाले," द्रौपदीबाई म्हणाल्या. "भात टाक. भूक लागलीय."

२० एप्रिलला त्या लग्नाला गेल्या. माधुरी मोतिया रंगाच्या, बारीक जरीकाठाच्या साडीत उभी होती. घरच्या बायका आपापल्या निरनिराळ्या पांढऱ्या साड्यांत होत्या. त्रिशरण-पंचशील झाले, वधूवरांनी हार घातले, फुले पडली. द्रौपदीबाई स्वतःच्या हातची निळ्या काठाची नेसून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. जेवणाच्या वेळी वराकडची एक बाई शेजारी आली आणि पदर चिमटीत धरून म्हणाली, "किती सुरेख काम आहे हो. कुठून घेतलीत?"

"दादरहून," द्रौपदीबाई म्हणाल्या.

मे महिन्यात त्या गोदामात गेल्या. परेशभाईंनी खुर्ची पुढे सरकवली. एका मालिकेत मोठ्या घरातला म्हातारा मरणार होता आणि अंत्ययात्रेसाठी बायकांना पांढऱ्या साड्या हव्या होत्या. परत आलेल्या एकोणीस साड्या परेशभाईंनी तीनशे रुपयांना एक अशा घेतल्या. अट एकच होती, पदरावरचे पान चालणार नाही. द्रौपदीबाईंनी ब्लेडच्या टोकाने तीन दिवसांत एकोणीस पाने उसवली. दोरा निघाला तरी कापडावर सुईची भोके राहिली, ती कॅमेऱ्यात दिसत नाहीत असे परेशभाई म्हणाले. बाकीच्या साड्या आणि नवरीची साडी दिवाणाखाली आहेत. ॲपवरचे दुकान तेजलने बंद केले.

एकोणीस साड्यांचे ५,७०० रुपये द्रौपदीबाईंनी त्याच संध्याकाळी मंजुळाबाईंना नेऊन दिले. जून आणि जुलैच्या मजुरीतून १,६५० दिले. ६५० रुपये अजून द्यायचे आहेत.